सौदा (सांगली)

सौदा : शेतमालाचा भाव अडत्याच्या दुकानी, खरेदीदारांच्या बोलीतून आणि शेतकऱ्याच्या होकाराने ठरवण्याची रीत. सांगलीच्या बाजारपेठेत हा शब्द प्रामुख्याने हळद, बेदाणा आणि गूळ यांच्या लिलावासाठी वापरला जातो. सौद्यात तीन पक्ष असतात : माल आणणारा शेतकरी, त्याच्या वतीने माल विकणारा अडत्या आणि खरेदीदार व्यापारी. तोलाईदार आणि हमाल यांच्याशिवाय मात्र एक पोतेही हलत नाही. बाजार समितीचे नियमन 1963 च्या राज्य कायद्याखाली चालते.

हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीत वाढू लागते आणि उन्हाळाभर चालते. नऊ महिन्यांचे पीक काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यांत भरलेले असते. हळकुंड, गड्डा, चोरा, कणी या हळदीच्या प्रतींचे भाव वेगवेगळे. इथली राजापुरी हळद निराळी आणि बाहेरच्या राज्यांतून आलेली ‘परपेठ’ निराळी. सौद्याच्या वेळी पोत्यांची तोंडे उघडी असतात. खरेदीदार एक हळकुंड उचलतो आणि दोन्ही हातांनी मोडतो. कडक वाळलेले असेल तर टणकन तुटते, ओल राहिली असेल तर आधी वाकते आणि आवाज बसका येतो. तुटलेल्या तोंडाचा रंग तो उजेडाकडे धरून पाहतो, वास घेतो, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढतो. अजून कोणी आकडा उच्चारलेला नसतो, पण कुठवर चढायचे हे त्याच्या मनात ठरलेले असते. त्यामुळे शेतकऱ्याची खरी बोलणी कढईपाशी आणि खळ्यावर होऊन गेलेली असतात. हळद नीट शिजवली, पुरती वाळवली आणि माल प्रामाणिकपणे निवडला, तर बाजारात त्याला फारसे बोलावे लागत नाही.

बोली आता उघड असते. पूर्वी महाराष्ट्रातल्या अनेक बाजारांत ‘हत्ता’ पद्धत होती. रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली हातात हात घालायचा आणि बोटे दाबून आकडा कळवायचा. कोणी किती बोलले हे शेजारच्या व्यापाऱ्याला कळत नसे, आणि ज्याचा माल होता त्यालाही कळत नसे. बोटांची ही भाषा जाणणाऱ्यांचे कौतुक आजही ऐकू येते. त्यातले कसब मान्य केले तरी ती पद्धत गेली हे चांगलेच झाले. ज्याच्या घामाचा भाव ठरतो आहे, त्याच्यापासूनच आकडा झाकणे हा अन्याय होता.

शेवटची बोली झाली की अडत्या शेतकऱ्याकडे वळतो : ‘काय आण्णा, सोडायची का?’ सौद्याचा कणा हा प्रश्न आहे. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. पण तो वापरता येईल की नाही, हे उचलीवर अवलंबून असते. लागणीला, खतांना, कधी घरच्या लग्नाला किंवा दवाखान्याला अडत्याकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल. विक्रीनंतर ती पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, वळती होते. अडीनडीला रात्री दार वाजवले तरी पैसे देणारा अडत्या हा शेतकऱ्याचा मोठा आधार असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच दुकानी माल घालणारी घराणी आहेत ती याच जिव्हाळ्यापोटी. तरीही ज्याच्या नावावर उचल आहे, त्याच्या तोंडून ‘नाही’ सहज निघत नाही. अडत्याने काही म्हटले नाही, तरी भीड आड येते.

म्हणून माल थांबवून ठेवण्याची सोय ही सौद्यातली सर्वांत मोठी ताकद ठरते. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणलेली होती. तोंड अरुंद, पोटात घेर मोठा. इथल्या मातीमुळे त्यांत हळद वर्षानुवर्षे टिके आणि किडीचा त्रास होत नसे. पेवात माल असलेला माणूस पडत्या भावाला विकायला बांधलेला नसे. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि ती सोय मोडकळीला आली. आज शीतगृहे आणि गोदामे आहेत. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून सुरू आहे. तीत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते. उचलीला हा सरळ पर्याय आहे आणि शेतकऱ्याने तो आधी विचारात घ्यावा.

मुहूर्ताच्या, म्हणजे हंगामातल्या पहिल्या सौद्याचा भाव मानाचा असतो. हार, पेढे, फोटो होतात. त्यावरून हंगामाचा अंदाज बांधू नये.

बेदाण्याचे सौदे सांगली आणि तासगाव इथे होतात. माल शीतगृहात आणि ट्रेमधला नमुना सौद्यात, अशी इथली रीत आहे. मूठभर बेदाणा उचलून पाहताना बराचसा जमिनीवर सांडतो, त्या उधळणीविरुद्ध शेतकऱ्यांनी अनेकदा आवाज उठवला आहे आणि त्यांची तक्रार रास्त आहे. व्यवहार उधारीचा असल्याने दिवाळीच्या सुमारास सौदे काही आठवडे बंद ठेवतात आणि या काळात सगळी येणी-देणी मिटवली जातात. बाजारात याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. कोणी किती दिवसांत पैसे भागवले हे पेठेत सगळ्यांना ठाऊक असते. सौदे पुन्हा सुरू झाले की तीच माणसे त्याच ट्रेभोवती उभी राहतात, आणि दोन बोली सारख्याच आल्या तर शेतकरी हळूच अडत्याला विचारतो, ‘मागच्या खेपेला पैसे वेळेत कुणी दिले होते?’