भाव चढलेत, की पुढे कुणी घुसलंय?

ऑनलाइन गेमच्या चॅटमध्ये ही ओरड कायमची: "परवा दहा हजार गोल्डला मिळणारी तलवार आज पंधराला! इकॉनॉमीची वाट लागली, नुसता अन्याय चाललाय." या एका वाक्यात दोन तक्रारी कोंबल्या आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध वाटतो तितका जवळचा नाही.

महागाई नळातून येते. राक्षस मेला की गोल्ड, म्हणजे गेममधलं चलन, पडतं; क्वेस्ट (गेमने दिलेली कामगिरी) संपली की मिळतं. ते कुणाच्या खिशातून जात नाही, सर्व्हर शून्यातून काढून देतो. उलट चिलखताची दुरुस्ती, प्रवासाचं भाडं, ऑक्शन हाऊसचा (खेळाडूंच्या लिलावबाजाराचा) कट यांत गेलेलं गोल्ड कायमचं नाहीसं होतं. खेळाडू याला 'सिंक' म्हणतात. नळ सोसाट्याने सुरू आणि मोरी तुंबलेली असली की प्रत्येक वस्तूचा भाव वर सरकतो. 'डायब्लो २'मध्ये तर गोल्डला कुणी विचारेना, म्हणून लोक 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाच्या अंगठ्यांमध्ये व्यवहार करू लागले.

एकटी तलवारच महागली असेल तर ती महागाई नव्हे. नव्या पॅचने, म्हणजे गेममधल्या ताज्या बदलाने, तिला धार आली असेल, किंवा कुणीतरी सगळा माल उचलून साठा केला असेल.

महागाईने नवखा मरतो, असं सर्रास म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पहिल्याच दिवशी रानात वनस्पती खुडणारा खेळाडू बघा. तो वीस जुड्या ऑक्शनला लावतो आणि गोल्डने गबर झालेला जुना गडी भाव न बघता त्या उचलतो. घोडा मात्र गेममधल्या दुकानदाराकडे, म्हणजे ठरलेल्या भावात. मग नवख्याला पहिला घोडा उलट लवकरच मिळतो. मार बसतो तो क्वेस्टच्या ठरीव बक्षिसावर चालणाऱ्याला, आणि पेटीत गोल्ड ठेवून सहा महिने गायब झालेल्याला.

अन्यायाचा प्रश्न नळाचा नाही, रांगेचा आहे: कोण कुठल्या दाराने आत आला? 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २०१५ साली टोकन आलं. एकाने ते खऱ्या पैशाने घ्यायचं, दुसऱ्याने ते टोकन गोल्ड देऊन घ्यायचं आणि आपल्या खेळण्याच्या वेळेच्या फीऐवजी वापरायचं. इथे नवं गोल्ड पडत नाही, एका खेळाडूचं दुसऱ्याकडे जातं. म्हणजे टोकनवर महागाईचा आरोप टिकत नाही. पण ज्याचा खिसा जड त्याला ग्राइंड, म्हणजे तेच ते करत राहण्याचे कष्ट, टाळता यावा का, हा प्रश्न भाव तसूभरही न हलता उरतोच.

बॉट, म्हणजे माणसाऐवजी खेळणारे प्रोग्राम, मात्र दोन्हीकडून मारतात. रात्रंदिवस राक्षस कापत नळ उघडा ठेवतात, वर ते गोल्ड चोरवाटेने खऱ्या पैशांत विकलंही जातं.

दोन्ही दुखणी एकाच वेळी दिसली ती 'डायब्लो ३'मध्ये. मे २०१३ च्या पॅचमधल्या एका बगमुळे ऑक्शन हाऊसमध्ये गोल्डच्या नकला निघू लागल्या. ऑक्शन हाऊस तातडीने बंद करण्यात आलं, पण सर्व्हर आदल्या स्थितीत न नेता खाती तपासून कारवाई झाली. जादा गोल्ड आलं ही महागाई, आणि ते ज्यांच्या हाती आधी पडलं त्यांनी जुन्या भावात खरेदी उरकली हा अन्याय. पुढे मार्च २०१४ मध्ये ते ऑक्शन हाऊसच कायमचं मिटलं.

म्हणूनच एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. 'ओल्ड स्कूल रुनस्केप'ने डिसेंबर २०२१ मध्ये ग्रँड एक्स्चेंज या आपल्या बाजारातल्या विक्रीला १ टक्का कर लावला आणि त्यातल्या काही रकमेतून वस्तू विकत घेऊन नष्ट करायला सुरुवात केली. सिंक म्हणून चांगलीच युक्ती. पण बॉटवाला आणि प्रामाणिक खेळाडू तोच कर भरतात. 'ईव्ह ऑनलाइन'ने तर २००७ मध्ये चक्क अर्थतज्ज्ञ नेमला. त्या गेमच्या मासिक अहवालात कुठून किती चलन आलं आणि कुठे किती गेलं ते दिसतं. ते योग्य हाती गेलं का, हे त्या आकड्यांतून कळायचं नाही.

'पाथ ऑफ एक्झाइल'सारख्या गेममध्ये दर काही महिन्यांनी नवी लीग सुरू होते, आणि तीत सगळे शून्यापासून. त्या क्षणी जुन्या साठ्याचा भार नसतो. पण पहिल्याच रात्री सलग अठरा तास बसू शकलेला खेळाडू पहाटे दुर्मिळ ड्रॉप (राक्षसाकडून पडलेली वस्तू) घेऊन बाजारात उभा असतो, आणि बाकीचे अजून लॉगिनच्या रांगेत.