शाळेच्या कँटीनची अन्न नोंदणी: अर्ज कुणी करायचा, कागद कोणते (नाशिक)

शाळेच्या कँटीनला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि त्याचा अर्ज बहुतेक वेळा अडतो तो नाव आणि पत्ता यांवर. कँटीन शाळा स्वतः चालवत असेल, तर नोंदणी शाळेच्या किंवा संस्थेच्या नावावर हवी. बचत गटाला किंवा ठेकेदाराला दिलं असेल, तर ती त्यांच्या नावावर, पण ती आहे ना हे पाहणं शाळेचंच काम. शालेय मुलांच्या सुरक्षित अन्नाबाबतच्या 2020 च्या केंद्रीय नियमांत हे लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘लायसन्स ठेकेदाराचं, आमचा काय संबंध’ असं म्हणून मुख्याध्यापकांना सुटता येत नाही.

नोंदणी त्या जागेपुरतीच असते. ठेकेदाराच्या सातपूरच्या हॉटेलचा नंबर पंचवटीतल्या शाळेत लावून भागत नाही. सातपूरला शिजवून शाळेत आणून विकत असेल तर दोन्ही ठिकाणची नोंद लागते.

नोंदणी की परवाना, हे वार्षिक उलाढालीवर ठरतं: सीमेच्या आत असेल तर नोंदणी, वर गेली तर परवाना. 2011 च्या नियमावलीत ही सीमा 12 लाखांची होती. अर्ज करताना फॉसकॉस या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) पोर्टलवर दिसेल ती सीमा आणि तेच शुल्क धरा. उलाढाल अंदाजाने टाकू नका. रोजची विक्री 6000 रुपये आणि वर्षाचे 220 दिवस धरले तरी 13 लाख 20 हजार होतात. छोटं वाटणारं कँटीनही एवढं सहज करतं.

अर्ज याच पोर्टलवर, ऑनलाइनच. व्यवसायाच्या प्रकारात किरकोळ विक्री न निवडता कँटीनचा पर्याय घ्या. नोंदणीला कागद थोडे: अर्जदाराचा फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा. इथला जागेचा पुरावा म्हणजे शाळेशी झालेला करारनामा किंवा संमतीपत्र. त्यावर जावक क्रमांक, सही-शिक्का आणि शाळेचा पूर्ण पत्ता हवा, आणि अर्जदाराचं नाव आधारवर आहे तसंच हवं. परवान्यासाठी याशिवाय स्वयंपाकघराचा आराखडा, उपकरणांची यादी, अन्न सुरक्षा आराखडा, जबाबदार व्यक्तीचं नामनिर्देशन आणि पाण्याचा तपासणी अहवाल लागतो. मोबाइल नंबर स्वतःचा द्या. एजंटचा दिला की अधिकाऱ्यांनी काढलेली शंका तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि अर्ज बाद होतो.

नोंदणीच्या अर्जावर 7 दिवसांत मंजुरी, नकार किंवा तपासणीची सूचना येते. तपासणी लागली तर निर्णय 30 दिवसांत. 14 अंकी क्रमांकाचं प्रमाणपत्र कँटीनमध्ये दिसेल असं लावा.

तपासणीला अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी आले की कागदांइतकंच पाणी आणि माणसं पाहतात. नोंदणीला पाण्याचा अहवाल मागितला नसला तरी काढून ठेवावा. सिन्नर, येवल्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. मग पावसाळ्यात काढलेला बोअरचा अहवाल टँकरच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. स्रोत बदलला की नमुना पुन्हा द्या. भांडी धुणाऱ्या मावशींसह प्रत्येकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र दर वर्षी लागतं, नोंदणीकृत डॉक्टरांचंच. त्यात त्वचा आणि डोळ्यांची तपासणी, विषमज्वराची लस यांची नोंद असते. हमखास राहतं ते मध्येच कामावर घेतलेल्या पोऱ्याचं.

गरम पदार्थ 65 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली. सकाळी आठला तळलेले वडे साडेदहाच्या सुट्टीपर्यंत उघड्या परातीत ठेवण्याची रीत इथेच बसत नाही. वडापाव वर्तमानपत्रात बांधून देऊ नका; शाई अन्नात उतरते.

जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ कँटीनमध्ये तर नाहीतच, शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आतही विकता येत नाहीत. शीतपेयं, चिप्सची पाकिटं, नूडल्स सहसा यात येतात. फुकट मिळालेला शीतपेयाच्या जाहिरातीचा फ्रिजही ठेवू नये, कारण नियमांत अशा पदार्थांच्या जाहिरातीलाही शाळेत मनाई आहे.

ठेकेदार बदलला की जुनी नोंदणी नव्याच्या नावावर होत नाही. नव्याने अर्ज करायचा आणि जुन्या ठेकेदाराने आपली नोंदणी पोर्टलवरून परत करायची. ही अट करारनाम्यातच घातलेली बरी. अनामत रक्कम परत देण्याआधी नोंदणी परत केल्याची पावती मागता येते.