पान्यांचे दोन संच: नागपूरच्या गॅरेजधंद्याची पार्श्वभूमी

कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौक आहे. 11 डिसेंबर 2022 ला मेट्रो तिथवर पोचली आणि नव्या पोरांना हे नाव स्टेशनाचं म्हणून ठाऊक झालं. माझी रोजीरोटी त्याच रस्त्यावर होती. 1979 मध्ये, सोळाव्या वर्षी, मी तिथल्या एका गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली लागलो आणि 2022 मध्ये काम थांबवलं. जुने मिस्त्री फार हुशार होते, असं लोक आजही म्हणतात. होतेच. पण ती हुशारी आली कुठून, हे समजून घ्यायचं तर माझ्या जन्माच्याही आधीपासून सुरुवात करावी लागते.

जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत गाड्या जोडत होती, फोर्डही मागोमाग आली. सुटे भाग बाहेरून आणायचे, इथे जोडायचे, असा तो कारभार. स्वातंत्र्यानंतर सरकारने आधी तयार गाड्यांची आयात बंद केली. मग 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार ठरलं, की जे गाडी इथेच बनवतील त्यांनीच राहायचं. परदेशी कंपन्या निघून गेल्या. मोटारींत उरल्या मुख्यतः तीन: अँबेसेडरवाली हिंदुस्थान मोटर्स, फियाटवाली प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या, तेही परवान्यावर. त्यामुळे एकदा घेतलेली गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवायचीच, असा हिशेब घरोघर झाला. स्कूटरची गोष्ट तर त्याहून बिकट. बजाजची स्कूटर नंबर लावून मिळायची, त्यात सात-आठ, कधी दहा वर्षंही जायची, आणि वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची. ज्या देशात नवीन मिळत नाही, तिथे दुरुस्ती करणाऱ्याला मान असणारच. आमचा धंदा या टंचाईवर उभा राहिला, हे मी कृतज्ञतेने आणि थोड्या दुःखानेही सांगतो, कारण त्याच टंचाईत गिऱ्हाइकांनी फार सोसलं.

हे देशभर होतं. नागपूरला त्यात आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे जागा. हजिरा-कोलकाता हा जुना सहा नंबरचा हायवे आणि वाराणसी-कन्याकुमारी हा सात नंबरचा, दोन्ही इथे एकमेकांना छेदतात. आता त्यांचे नंबर 53 आणि 44 झाले, पण ड्रायव्हर मंडळी अजून सहा आणि सातच म्हणतात. कोळसा, मँगनीज, कापूस, संत्री, सगळं ट्रकवर. टाटांनी 1954 मध्ये डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले आणि 1969 पर्यंत त्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा होता. करार संपून कितीतरी वर्षं झाली तरी आमच्याकडे येणारे म्हातारे ड्रायव्हर 'टाटा मर्सिडीज' म्हणत. चार दिशांचा ट्रक इथे थांबायचा, चहा प्यायचा, कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, तुटलेला पाटा बदलून घ्यायचा. त्यातून टायरवाले, कमानीवाले, रेडिएटरवाले, बॉडीवाले असे सगळे एका रस्त्यावर गोळा झाले.

हाताला वळण लावणारी कारखान्यांची परंपराही गावात होती. 1877 पासूनची एम्प्रेस मिल, रेल्वेचं मोतीबाग वर्कशॉप, पुढे एसटीची हिंगण्याची मध्यवर्ती कार्यशाळा. निवृत्त टर्नर घराजवळ एखादा लेथ टाकून बसायचा आणि जो पार्ट बाजारात नाही तो आम्ही त्याच्याकडून काढून आणायचो. बुश, पिन, शाफ्टची झीज भरून पुन्हा मापाला आणणं, सगळं. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने शिकाऊ मुलं कारखान्यांत जाऊ लागली. पण आमच्यासारख्यांचं शिक्षण गॅरेजातच झालं.

उस्ताद वर्षभर मला पाना धरू देत नव्हते. पार्ट रॉकेलमध्ये धुवायचे, फडक्याने पुसायचे आणि ओळीत मांडायचे. "आधी आयक, मंग खोल," एवढंच सांगायचे. एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचा, टोक इंजिनाच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला. टॅपेटची टिकटिक वेगळी, बेअरिंगची घरघर वेगळी, क्रँकचा ठोका त्याहून खोल. तीन वर्षांनी मला तो फरक नीट कळायला लागला.

पॉइंट सेट करणं हे पहिलं खरं काम. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारी डबी. तिचं झाकण उघडलं की आत कॉन्टॅक्ट पॉइंटची जोडी दिसते. ते उघडतात त्या क्षणी कॉइलमधून प्लगला ठिणगी जाते. इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडे आणायचे आणि मध्ये फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांतलं, साधारण 0.4 मिलिमीटरचं पातं घालायचं. पातं अडकायला नको आणि मोकळंही सुटायला नको, बोटाला किंचित ओढ लागली पाहिजे. अंतर जास्त झालं तर पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकतं आणि चढावर इंजिन ठोकायला लागतं. कमी झालं तर पॉइंट जळतात. जळलेल्या जोडीत एकावर पुटकुळी उठते, दुसऱ्यावर खड्डा पडतो. पुटकुळी बारीक कानशीने उतरवायची, खड्ड्याच्या मागे लागायचं नाही. पंधरा मिनिटांचं काम, पण ज्याच्या बोटाला ती ओढ कळली त्याला पुढचं सगळं जमायचं. आजही माझं बोट ते माप विसरलेलं नाही.

त्या काळी गॅरेजात पान्यांचे दोन संच टांगलेले असत. अँबेसेडर आणि जीपला इंची पाने, फियाटला मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, म्हणून 13 चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाच्या कडा गोल करून टाकतो. शिकाऊ पोरांच्या हातून हे हमखास व्हायचं, माझ्याही हातून झालं. उस्तादांनी तो नट छिन्नीने काढला आणि आठ दिवस मला इंची संचाला हात लावू दिला नाही.

आणि नागपूरचा मे महिना. पारा 45 च्या वर गेला की अमरावती रोडवर बाजारगावच्या पुढे गाड्या रांगेने बंद पडायच्या. टाकीतून पेट्रोल ओढणारा गाडीतला पंप इंजिनालाच चिकटलेला; उष्णतेने आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप वाफ ओढत राहायचा आणि पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर कोरडा पडायचा. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि दहा मिनिटं सावली बघायची. आमच्याकडून निघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डिकीत उन्हाळ्यात एक फडकं आणि पाण्याची कॅन ठेवण्याची पद्धत उस्तादांनी पाडली होती.

14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. नागपुरात ती दिसायला लागली तेव्हा आम्ही बॉनेट उघडून नुसते बघत उभे राहिलो. तीन सिलिंडर, 796 सीसी, इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना. उस्ताद म्हणाले, "ही वारंवार येणार नाही." त्यांचं म्हणणं खरं ठरलं. इंची संच हळूहळू भिंतीवर गंजू लागला. तरी तिच्यातही कार्ब्युरेटर होता, हाताने लावायला जागा होती. खरा बदल 2000 साली झाला. प्रदूषणाचे नवे नियम देशभर लागू झाले, शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि साध्या गाड्यांतही कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे इंजिनात मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आलं. पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे आता डबीतला संगणक ठरवू लागला. हवा स्वच्छ होण्यासाठी ते हवंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती त्या डबीच्या कुलपाबद्दल. 2008 च्या सुमाराला एका जुन्या गिऱ्हाइकाच्या गाडीत मी एक पार्ट बदलला. पार्ट अस्सल, काम बरोबर, पण कंपनीच्या स्कॅनरने त्याची नोंद केल्याशिवाय गाडी सुरू होईना. त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने स्पष्ट सांगितलं, बाहेरच्या गॅरेजला हे देत नाही. गाडी अकरा दिवस माझ्या दारात उभी राहिली आणि शेवटी टो करून त्यांच्याकडेच गेली. गिऱ्हाईक काही बोललं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

ही तक्रार माझ्या एकट्याची नव्हती. 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुली न ठेवणं, हे कारण. कंपन्या अपिलात गेल्या. पण आमची अडवणूक होते हे एका आयोगाने कागदावर मान्य केलं, त्याचं मोल मला दंडाच्या रकमेपेक्षा मोठं वाटलं. त्याच वर्षी जानेवारीत मारुती 800 बनणं थांबलं होतं आणि मे महिन्यात अँबेसेडरचा बंगालमधल्या उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला होता. आम्ही ज्या दोन गाड्यांवर शिकलो त्या संपल्या आणि कुलपाचा निकाल आला, सगळं आठ महिन्यांत. 2022 च्या डिसेंबरात केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत.

गॅरेज आता माझा चेला चालवतो. मोटारींसाठी त्याने स्कॅनर घेतला आहे, पण त्याच्या दारात गर्दी असते ई-रिक्षांची. साधी मोटर, चार-पाच बॅटऱ्या, एक कंट्रोलर, मागे डिफरन्शियल, कुठेही कुलूप नाही. गेल्या महिन्यात मी तिथे बसलो असताना एक रिक्षावाला आला. मागून आवाज येतो म्हणाला. चेल्याने चाक जॅकवर उचललं, पोराला हळू थ्रॉटल द्यायला सांगितलं आणि भिंतीवरचा लांब पेचकस काढून मोटरच्या अंगाला लावला. मूठ कानाला.

"बेअरिंग," तो म्हणाला, आणि 10 चा पाना मागितला.