रेट्रोव्हायरसचे समाकलन

रेट्रोव्हायरस गटातील विषाणूंची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. तिची डीएनए प्रत तयार होऊन ती यजमान पेशीच्या गुणसूत्रात कायमची बसते, या घटनेला समाकलन म्हणतात. बसलेल्या प्रतीला प्रोव्हायरस हे नाव आहे. माणसांत एचआयव्ही आणि रक्ताचा कर्करोग घडवू शकणारा एचटीएलव्ही-१ हे या गटातील ठळक विषाणू.

प्रोव्हायरसची कल्पना हॉवर्ड टेमिन यांनी १९६४ मध्ये मांडली, तेव्हा ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, उलट नाही, असेच तेव्हा धरून चालत. १९७० मध्ये टेमिन व सातोशी मिझुतानी यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, विषाणूच्या कणातच आरएनएवरून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) असल्याचे दाखवले आणि वाद मिटला. पाच वर्षांनी टेमिन आणि बाल्टिमोर यांना, रेनातो डुलबेको यांच्यासह, नोबेल मिळाले.

एचआयव्हीच्या कणात आरएनएच्या दोन प्रती असतात. पेशीत शिरल्यावर त्यांवरून दुपदरी डीएनए तयार होतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकसारखे लांब क्रम असतात आणि इंटिग्रेज हे दुसरे विकर ती टोके धरून ठेवते. विषाणूचे प्रथिन-कवच पेशीद्रवातच विरघळते, असा जुना समज होता. अलीकडच्या सूक्ष्मदर्शी चित्रणांत ते बहुतांशी शाबूत राहून केंद्रकाच्या छिद्रातून आत जाताना दिसते. उंदरांतील ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) विषाणूला ही सोय नाही. पेशी विभागताना केंद्रकाचे आवरण मोडेपर्यंत त्याला थांबावे लागते.

प्रत्यक्ष जोडणी अशी होते. इंटिग्रेज विषाणू-डीएनएच्या प्रत्येक पदराच्या ३' टोकावरून दोन न्यूक्लिओटाइड (डीएनएची अक्षरे) छाटते. त्यामुळे उघडा पडलेला हायड्रॉक्सिल गट मानवी डीएनएच्या पदरावर थेट हल्ला करतो, म्हणजे पदर तुटणे आणि विषाणूचे टोक त्याला जोडले जाणे ही एकच अभिक्रिया असते. दोन्ही पदरांवरचे घाव समोरासमोर पडत नाहीत, एचआयव्हीत ते पाच अक्षर-जोड्यांच्या अंतराने पडतात. मागे राहिलेल्या फटी मात्र विषाणू बुजवत नाही. ते काम पेशीची स्वतःचीच दुरुस्ती-विकरे इमाने इतबारे करतात. म्हणून प्रोव्हायरसच्या दोन्ही बाजूंना मानवी क्रमातील तेच पाच अक्षरी तुकडे आढळतात, जणू पंचनाम्यातला ठसाच. बसलेली प्रत पुन्हा कापून काढणारे विकर विषाणूकडे नाही.

जागा निव्वळ योगायोगाने ठरत नाही. एचआयव्हीचे इंटिग्रेज पेशीतील एलईडीजीएफ या प्रथिनाला चिकटते आणि त्यामुळे प्रोव्हायरस बहुधा सक्रिय जनुकांच्या आत बसतो. उंदरांतील विषाणू जनुकांच्या आरंभस्थानाजवळ बसणे पसंत करतो, आणि हे किती महागात पडते ते जनुकोपचारात कळले. प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या बालकांवर पॅरिस व लंडन येथे त्या विषाणूपासून बनवलेल्या, निरोगी जनुक पेशीत पोहोचवणाऱ्या वाहकाने उपचार झाले. उपचार लागू पडला, पण काही वर्षांतच २० पैकी ५ मुलांना ल्युकेमिया झाला. त्यांतील बहुतेकांत वाहक एलएमओ-२ या जनुकाजवळ बसून त्याला अवाजवी चालना देत होता.

इंटिग्रेज रोखणारे पहिले औषध, राल्टेग्रॅव्हिर, अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झाले. भारतात एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रांवर मिळणाऱ्या रोजच्या गोळीत याच वर्गातील डोल्युटेग्रॅव्हिर असते. ते विकराच्या सक्रिय जागेतील मॅग्नेशियम आयनांना बांधून जोडणी अडवते. मात्र आधीच बसलेल्या प्रोव्हायरसला ते हात लावू शकत नाही. स्मृती टी-पेशींत, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या दीर्घायुषी पेशींत, असे प्रोव्हायरस वर्षानुवर्षे निपचित राहतात, आणि गोळ्या थांबवल्या की बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो.

समाकलन बीजपेशीत झाले तर प्रोव्हायरस वारशाने पुढे जातो. मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अशा प्राचीन विषाणूंचे अवशेष आहे. बहुतेक मोडतोड झालेले व निरुपयोगी, पण सरसकट नाहीत: वारेतील पेशींना एकमेकींत विलीन करणारे सिन्सिटिन हे प्रथिन मुळात विषाणूच्या आवरणाचेच. ऑस्ट्रेलियात ही प्रक्रिया अजून चालू स्थितीत पाहता येते. तेथील उत्तरेकडच्या कोआलांत एक रेट्रोव्हायरस पिढीजात झाला आहे, दक्षिणेकडच्या अनेक कोआलांत तो अजून पूर्ण रूपात आढळत नाही.