पॉवर टिलर आणि गोव्याची भातशेती: एका जुन्या यंत्राच्या दुरुस्तीमागचा इतिहास

दोन चाकांचा, मागून दोन्ही हातांनी धरून चालवायचा नांगरणीचा पॉवर टिलर गोव्याच्या भातशेतीत इतका रुळला आहे की तो बाहेरून आला आहे हे सहसा कुणाच्या मनातही येत नाही. त्यांतले काही टिलर ते चालवणाऱ्या मुलांपेक्षा वयाने मोठे आहेत, आणि पाऊस जवळ आला की कुठल्यातरी शेडमध्ये त्यांची इंजिने अजूनही उघडली जातात. अमेरिकेत व्हील हॉर्स, कब कॅडेट किंवा १९६३ साली आलेला जॉन डिअर ११० असे जुने बागेतले ट्रॅक्टर हौसेने जपतात, मूळ रंग मिळवून प्रदर्शनात मांडतात. गोव्यातला जुना टिलर टिकला तो गरजेपोटी, आणि ती गरज इथल्या जमिनीच्या वाटणीने व चिखलाने घडवली आहे.

यंत्राचे मूळ मात्र फार दूरचे आहे. फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करण्याच्या कल्पनेवर विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये कॉनराड फॉन मेयेनबुर्ग याने काम केले. त्याच सुमारास, म्हणजे १९१२ साली, ऑस्ट्रेलियातील गिलगँड्रा या गावी आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड हा तरुण वडिलांच्या शेतावर प्रयोग करीत होता. त्याने आधी वापरलेल्या खाचांच्या तबकड्या वेग वाढताच माती बाजूला फेकत. तेव्हा त्याने लहान व्यासाच्या दांड्यावर इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पाती बसवली आणि १९२० साली पेटंट मिळवले. आज टिलरच्या रोटरीची पाती बदलताना आपण हाताळतो ती त्याच विचाराची पुढची रूपे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जमीनसुधारणा होऊन कूळ शेतकरी लहान लहान तुकड्यांचे मालक झाले आणि १९५० च्या दशकात भातखाचरांसाठी घडवलेले चालते टिलर तिथे झपाट्याने पसरले. भारतात ही यंत्रे साठच्या दशकात जपानमधूनच आली. १९६७ साली बंगळूरला मित्सुबिशीच्या सहकार्याने व्हीएसटी ही कंपनी उभी राहिली, तर केरळ सरकारच्या कामको या कंपनीने १९७३ नंतर कुबोटाच्या तंत्रावर आधारलेला १२ अश्वशक्तीचा टिलर बनवायला घेतला. गोव्यात ही दोन्ही घराणी पोचली, आणि जुन्या मेकॅनिकांचे हात आजही यांपैकी कुठल्यातरी एका इंजिनावर अधिक बसलेले दिसतात.

जपानमधल्या जमीनसुधारणेचा उल्लेख इथे मुद्दाम केला, कारण गोव्यातही थोड्याफार फरकाने तेच घडले. १९६१ साली मुक्तीच्या वेळी भातजमीन बहुतांशी कोमुनिदादींच्या (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांच्या) आणि भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, हाती होती, कसणारे कूळ होते आणि नांगरणी बैलांच्या किंवा रेड्यांच्या जोतावर चालत होती. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने, कुळालाच जमिनीचा मालक मानले. जमीन मिळाली ती मात्र होती तशीच, म्हणजे बांधांनी चिरलेली, विखुरलेली आणि पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्या शेतातून गेल्याशिवाय पोचताच येणार नाही अशी. दीड-दोन टनांचा ट्रॅक्टर अशा कोपऱ्यात नेणे अवघड, आणि नेला तरी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, खोल चिखलात तो रुतणार हे ठरलेले. चारशे किलोच्या आसपास वजनाचा टिलर दोन माणसे मिळून बांधावरून उतरवू शकतात आणि रबरी चाके काढून लोखंडी पिंजऱ्याची चाके लावली की तो चिखलावर तरंगल्यासारखा चालतो. त्यातच खाणी, आखाती देश आणि पुढे पर्यटन यांनी घरातला तरुण शेताबाहेर ओढला आणि वर्षभर बैल पोसणे परवडेनासे झाले. टिलर आला तो या पोकळीत.

मात्र प्रत्येक घराला स्वतःचा टिलर परवडणे शक्य नव्हते. म्हणून तो वाड्यात एकाकडे असायचा, किंवा शेतकऱ्यांच्या गटाचा असायचा, आणि तासाच्या भाड्यावर गावभर फिरायचा. माझ्या मते जुन्या टिलरांची जी अवस्था आढळते तिचे खरे कारण यंत्राच्या वयापेक्षा या व्यवस्थेत आहे. ज्याला तासाचे पैसे मिळतात तो चालक इंजिन थांबवून तेलाची पातळी पाहात नाही, आणि सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या, हंगामातल्या त्या दोन-तीन आठवड्यांच्या घाईत मालकालाही ते नको असते.

खाजन जमिनीचा खारेपणा हा गोव्यातल्या दुरुस्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. बांध घालून आणि मानशीच्या दारांनी भरतीचे पाणी अडवून खाडीकडून मिळवलेली ही सुमारे १८,००० हेक्टर जमीन समुद्रसपाटीच्या जवळ किंवा तिच्याही खाली असते. पहिल्या पावसाने वरचे मीठ धुतले जाते हे खरे, पण चिखलातले सगळेच जात नाही. टिलर गुडघाभर चिखलात तासन् तास चालतो, भाताची मुळे आणि गवत रोटरीच्या दांड्याला गुंडाळून आत सरकते आणि तेल आत राखणाऱ्या ऑईल सीलचे ओठ कापते. मग खारे पाणी गिअर बॉक्समध्ये शिरते आणि तेल दुधी होते. याची एक साधी परीक्षा अनुभवी फिटर करतात. यंत्र रात्रभर सपाट जागी उभे ठेवायचे आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी गिअर बॉक्सच्या तळाचा बोल्ट जरासा सैल करायचा. आत पाणी गेले असेल तर आधी पाणी ठिबकते आणि मग तेल येते. नुसते सील बदलून हे दुखणे नेहमी बरे होत नाही, कारण जुन्या सीलने शाफ्टवर खोलगट चर पाडलेली असते आणि नवे सीलही त्याच चरीवर बसून गळू लागते. अशा वेळी सील दोन-तीन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवून त्याचा ओठ न झिजलेल्या जागेवर आणतात. तेवढी जागा नसली तर शाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवून तो लेथवर मूळ मापाला उतरवावा लागतो.

हे लेथचे काम गोव्यात सहज होऊ शकले, यामागे लोहखनिजाच्या व्यवसायाचा हात असावा असे मला वाटते. मांडवी आणि जुवारी नद्यांतून खनिज घेऊन धावणाऱ्या बार्जेस आणि खाणींवरचे ट्रक यांच्यासाठी डिझेल इंजिनांची कामे करणारी माणसे किनाऱ्यापासून डिचोलीपर्यंत तयार झाली होती. बार्जच्या इंजिनाचे नोझल तपासणाऱ्याला टिलरचे एका सिलिंडरचे आडवे इंजिन म्हणजे किरकोळ काम. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर अशा कार्यशाळांचा मुख्य धंदा गेला आणि टिलरवाल्याला त्याची झळ लागली, ही बाब खाणींवरच्या चर्चेत कुणी फारशी काढत नाही.

क्लचच्या तारा हा दुसरा दुखरा भाग. टिलर वळवायला हँडलाखालचा खटका दाबून त्या बाजूच्या चाकाची ताकद तोडतात. उतारावर मात्र ताकद सुटलेले चाक मोकळे होऊन अधिक वेगाने घरंगळते आणि यंत्र उलट दिशेला वळते. गंजलेली तार अडकून राहिली तर बांधावरून उतरताना माणूस यंत्राखाली येऊ शकतो, म्हणून सगळ्यांत स्वस्त असलेला हा भाग जुना राहू देऊ नये.

बिघाडाचे उरलेले मूळ पावसाळ्यानंतरच्या साठवणीत आहे. जिथे वायंगण, म्हणजे हिवाळ्यानंतरची भातशेती, नाही, तिथे टिलर पुढचे सात-आठ महिने पडूनच असतो. तो गोड्या पाण्याने धुऊन, रेडिएटर रिकामा करून आणि तेल बदलून ठेवावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हँडल फिरवून पिस्टन दाबाच्या ठोक्यावर आणून ठेवायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहून दमट हवा सिलिंडरमध्ये जात नाही, ही पुस्तिकेतली सूचना मागे पडली आहे. लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, गंजाची रेघ उमटली की पुढच्या जूनमध्ये रिंगा तुटतात.

सुट्या भागांचे चित्र दोन हजारच्या दशकात चिनी टिलर आल्यावर बदलले. ते स्वस्त होते आणि त्यांचे काही भाग जुन्या इंजिनांना घासूनपुसून बसवले जात. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने टिलर आणि त्यांच्या प्रमुख भागांच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा चिनी यंत्रे घेतलेल्यांची पंचाईत झाली. कामको आणि व्हीएसटीच्या जुन्या टिलरांचे मालक तुलनेने निश्चिंत राहिले, कारण त्यांचे लायनर, रिंगा आणि बेअरिंग देशातच बनतात. पूर्वी आलेल्या मूळ जपानी टिलरांना मात्र आता बंद पडलेल्या दुसऱ्या टिलरचे भाग काढून लावण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही, आणि म्हणून भंगारवाल्याकडे जाण्याआधी असे बंद टिलर मेकॅनिकच विकत घेऊन ठेवतात.