तडीपारी म्हणजे 'मायनॉरिटी रिपोर्ट' नव्हे

गणपती जवळ आले की नाशिकच्या पेपरांत सराईतांच्या तडीपारीच्या बातम्या सुरू होतात. मग पंचवटी कारंजावर चहा पिताना कुणीतरी हमखास म्हणतं, "गुन्ह्याआधीच शिक्षा! हे तर 'मायनॉरिटी रिपोर्ट'च झालं." मला हे आता ऐकवत नाही.

सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला आहे. २००२ चा चित्रपट, २०५४ मधलं वॉशिंग्टन, होणारे खून आधीच दिसणारे तिघे आणि खुनाआधीच अटक. डोळ्यांचं स्कॅनिंग, नावानं हाक मारणाऱ्या जाहिराती यांवर लोक तासभर बोलतात, पण ती नुसती सजावट आहे.

खरा घोळ कायद्यातल्या दोन शब्दांनी होतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ५६ म्हणतं की माणूस हिंसेचा गुन्हा करतोय किंवा करण्याच्या बेतात आहे असं मानायला रास्त कारण असेल, आणि साक्षीदार भीतीनं उघडपणे पुढे येत नसतील, तर त्याला हद्दीबाहेर काढता येतं. 'करण्याच्या बेतात' वाचलं की लोकांना सिनेमातला लाकडी गोळा आठवतो, ज्यावर खुन्याचं नाव कोरून येतं.

पण कलम ५६ मध्ये असतो तो संशय, आणि गोळ्यावर असतं ते भाकीत. संशय मागच्या वागण्यावर उभा असतो, म्हणून त्याला उत्तर देता येतं. नोटीस येते, त्यात आरोपांचं साधारण स्वरूप लिहिलेलं असतं. वकील देता येतो, 'त्या केसमध्ये मी निर्दोष सुटलोय' असं कागद दाखवून सांगता येतं. आदेश निघालाच तर ३० दिवसांत शासनाकडे अपील आहे, आणि मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. भाकिताला उत्तर कुठून देणार? जे घडलंच नाही त्या वेळी आपण दुसरीकडे होतो, हे कसं सिद्ध करायचं? सिनेमात टेबलावरून घरंगळणारा गोळा पडण्याआधी झेलून दाखवतात आणि म्हणतात, अडवला तरी तो पडणारच होता. गोळ्याला मन नसतं, माणूस ऐन वेळी माघार घेऊ शकतो. चित्रपटाचा सगळा जीव या एका मुद्द्यात आहे.

याचा अर्थ तडीपारी निर्मळ आहे असा मुळीच नाही. तिचं दुखणं वेगळं आहे: बंद दाराआडचे गोपनीय जबाब, आणि जुने गुन्हे उकरून काढलेले प्रस्ताव. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात आदेश रद्द केला, तो जुन्या गुन्ह्यांचा आधार घेतल्यामुळे आणि कारण न देता पूर्ण दोन वर्षं ठोकल्यामुळे. म्हणून तडीपारीची बातमी वाचताना मी आधी दोनच गोष्टी शोधतो: शेवटचा गुन्हा कोणत्या साली दाखल झाला, आणि मुदत किती दिली. बहुतेक बातम्यांत पहिली गोष्ट छापलेलीच नसते.