पायदळाचे बुलेटप्रूफ जॅकेट : २००९ ची मंजुरी आणि २०१८ चा करार

एप्रिल २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारतीय सेनेसाठी १,८६,१३८ बुलेटप्रूफ जॅकेटांचा ६३९ कोटी रुपयांचा करार एका देशी खासगी कंपनीशी केला. स्वदेशी उत्पादनाचे यश म्हणून त्याची नोंद झाली आणि ते यश होतेच. पण हा १,८६,१३८ चा आकडा त्या वर्षी ठरलेला नव्हता. ऑक्टोबर २००९ मध्ये खरेदीच्या सर्वोच्च मंडळाने एकूण ३,५३,७६५ जॅकेटांना मंजुरी दिली होती. त्यांतली १,८६,१३८ जॅकेटे अकराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २०१२ पर्यंत, आणि उरलेली १,६७,६२७ बाराव्या योजनेत, २०१७ पर्यंत घ्यायची होती. दुसरा टप्पाही संपायला हवा होता, त्या मुदतीनंतर पहिल्या टप्प्याच्या करारावर सही झाली. मधल्या काळात नेमके काय अडले, हे समजल्याशिवाय आजच्या जॅकेटांविषयीचे वाद नीट उलगडत नाहीत.

जॅकेटाची गरज कोणत्या लढाईतून निर्माण झाली हे आधी पाहायला हवे. पहिल्या महायुद्धापासून पायदळाच्या संरक्षणाचा विचार मुख्यतः तोफगोळ्यांच्या उडणाऱ्या तुकड्यांभोवती फिरत होता आणि पोलादी हेल्मेट त्यासाठीच होते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपले पायदळ छातीवर कोणतेही कवच न घालताच लढले. काश्मीर खोऱ्यात १९८९-९० नंतर ही परिस्थिती बदलली. घराच्या दारात, गल्लीच्या वळणावर किंवा देवदारांच्या जंगलात काही मीटरांवरून एके-४७ ची फैर झेलावी लागणे हे घेराव आणि शोधमोहिमांवर जाणाऱ्या जवानाच्या नेहमीच्या कामाचा भाग झाले. तिथे रायफलची गोळी अडवणारे कवच लागत होते आणि त्या काळात उपलब्ध असलेली जॅकेटे जड होती. चढावर धावताना, भिंतीवरून उडी मारताना किंवा जमिनीवर आडवे होऊन नेम धरताना हा भार जवानाला मंद करीत असे. ज्याने उन्हाळ्यात असे जॅकेट दिवसभर अंगावर वागवले आहे, तो वजनाचा प्रश्न दुय्यम मानणार नाही.

डोक्याच्या बाबतीत सेनेने काढलेली तोड आजही अनेक छायाचित्रांत दिसते. फायबरग्लासचे जुने हेल्मेट रायफलच्या गोळीपुढे निरुपयोगी होते, आणि पूर्ण डोके झाकून एके-४७ ची गोळी अडवील असे हेल्मेट मानेला पेलवणारे नव्हते. म्हणून ‘पटका’ आला. यात पोलादी पट्टी कपाळ आणि डोक्याची मागची बाजू झाकते, माथा मात्र उघडा राहतो आणि वरून कापड गुंडाळलेले असते. सुमारे अडीच किलो वजनाचा हा पटका म्हणजे उघड उघड तडजोड होती. समोरून आणि मागून येणाऱ्या गोळीपासून बचाव, वरून आणि बाजूने येणाऱ्या तुकड्यांपुढे जवळजवळ काहीच नाही. तरीही दहशतवादविरोधी मोहिमांतल्या जवानांनी तो दोन दशकांहून अधिक काळ वापरला, कारण समोरचा धोका तो ओळखत होता.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोहोचला तो २६ नोव्हेंबर २००८ नंतर. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाच्या प्रमुखांच्या अंगावरच्या जॅकेटाचा दर्जा काय होता आणि ते जॅकेट रुग्णालयातून नंतर कुठे गेले, यावर अनेक महिने वाद झाला. गोळ्या मान आणि खांद्याच्या मधल्या, जॅकेटाने न झाकलेल्या भागात लागल्याचे सांगण्यात आले. प्रकरण पोलिसांचे होते, सेनेचे नव्हते. पण जॅकेट किती भाग झाकते आणि कोणत्या गोळीला अडवते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही गोष्ट त्या निमित्ताने सर्वसामान्य वाचकासमोर आली. पुढच्या सगळ्या खरेदीत हेच दोन प्रश्न, आणि तिसरा वजनाचा, एकमेकांच्या आड येत राहिले.

सेना कोणतीही वस्तू घेण्याआधी तिच्यासाठी गुणात्मक निकष लिहिते. नव्या जॅकेटाचे निकष महत्त्वाकांक्षी होते. ते सुट्या भागांचे असावे आणि मोहिमेनुसार मान, खांदे, जांघ यांचे भाग जोडता किंवा काढता यावेत. समोर, मागे आणि दोन्ही बाजूंना संरक्षण असावे. आणि हे सगळे करून मध्यम मापाच्या जॅकेटाचे वजन साधारण दहा-साडेदहा किलोंच्या घरात राहावे. यापलीकडची अट होती ती कठीण पोलादी गाभ्याची, म्हणजे ‘हार्ड स्टील कोअर’ गोळी अडवण्याची. सगळी गुंतागुंत या एका अटीत साठलेली आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले.

जॅकेट ‘लेव्हल थ्री’ किंवा ‘लेव्हल फोर’ आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तो उल्लेख बहुतेक वेळा अमेरिकेच्या न्याय विभागाच्या मानकाचा असतो. ते मानक तिथल्या पोलिसांसाठी, तिथे भेटणाऱ्या शस्त्रांसाठी लिहिलेले आहे. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत लेव्हल थ्रीची चाचणी नाटोच्या ७.६२ × ५१ मिमीच्या शिशाच्या गाभ्याच्या गोळीने होते आणि लेव्हल फोरची चाचणी .३०-०६ च्या चिलखतभेदी गोळीने. एके-४७ ची ७.६२ × ३९ मिमीची गोळी त्या आवृत्तीत नव्हतीच. तिचा मऊ पोलादी गाभ्याचा प्रकार २०२३ च्या नव्या वर्गवारीत आला. म्हणजे काश्मीरमध्ये रोज झाडली जाणारी गोळी ज्या मोजपट्टीवर नव्हती, त्याच मोजपट्टीच्या पायऱ्या आपल्या निविदांमध्ये उद्धृत होत होत्या आणि त्यांच्या शेजारी पोलादी गाभ्याची अट स्वतंत्रपणे जोडली जात होती. सेनेची अट एक, केंद्रीय पोलीस दलांची दुसरी, राज्यांची तिसरी. उत्पादकाला प्रत्येक ग्राहकासाठी नवा नमुना करावा लागे आणि एका ठिकाणी उत्तीर्ण झालेली प्लेट दुसऱ्या ठिकाणी बाद होई.

गाभ्याचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, प्लेटवर तो निर्णायक ठरतो. शिशाची गोळी कठीण पृष्ठभागावर आपटली की चपटी होते आणि तिचा जोर पसरतो. मऊ पोलादाचा गाभाही काही प्रमाणात वाकतो. कठीण पोलादाचा गाभा मात्र आपला आकार टिकवून पुढे घुसतो, आणि निव्वळ धाग्यांच्या थरांनी तो थांबत नाही. त्याला आधी तोडावे लागते. हे काम सिरॅमिक करते: समोरचा अतिकठीण थर गोळीचे टोक फोडतो आणि मागचा पॉलिथिलीनच्या धाग्यांचा थर ते तुकडे झेलतो. सिरॅमिक कोणते घ्यायचे यावर वजन ठरते. पोलादाची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, ॲल्युमिनाची ३.९, सिलिकॉन कार्बाइडची ३.२ आणि बोरॉन कार्बाइडची जेमतेम २.५. हलके जॅकेट हवे तर बोरॉन कार्बाइडकडे जावे लागते, आणि ते महाग तसेच घडवायला अवघड आहे. शिवाय सिरॅमिक फुटूनच काम करते; म्हणून एका प्लेटवर एकापाठोपाठ किती गोळ्या आणि त्या एकमेकींपासून किती अंतरावर, हा निकषही तितकाच कळीचा असतो.

चाचणी कशी होते हे पाहिले तर उत्पादक का गळत गेले ते कळते. प्लेट आधी उष्णतेत, थंडीत आणि पाण्यात ठेवून मग एका विशिष्ट मातीच्या ठोकळ्यावर पट्ट्यांनी बांधतात. ठरावीक अंतरावरून, ठरावीक वेगाने गोळ्या झाडतात आणि प्रत्येक गोळीचा वेग यंत्रावर नोंदवतात. गोळी आरपार गेली नाही तरी काम संपत नाही. प्लेट काढून मातीत पडलेल्या खड्ड्याची खोली मोजतात, कारण तेवढाच धक्का जवानाच्या बरगड्यांना आणि फुप्फुसांना बसणार असतो. अमेरिकी मानकात ही मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. गोळी अडली पण खड्डा खोल पडला, तर नमुना नापास. वजन कमी करायला मागचा थर पातळ करावा तर खड्डा वाढतो. जाड करावा तर वजनाची अट मोडते.

या निकषांवर काढलेल्या निविदेत अनेक कंपन्या उतरल्या, पण २०१५ पर्यंत चाचण्यांच्या गाळणीतून स्पर्धा म्हणता येईल एवढ्या कंपन्या उरल्या नाहीत आणि निविदा मागे घेण्यात आली. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने या दिरंगाईवर कडक शब्दांत नाराजी नोंदवली. निकष अवास्तव होते की उद्योग तयार नव्हता, यावर आजही दोन मते आहेत. माझ्या मते निकष चुकीचे नव्हते. समोरचा शत्रू ज्या गोळ्या वापरू शकतो त्या अडवण्याची मागणी करणे हे सेनेचे कर्तव्यच होते. चूक होती ती देशाचे स्वतःचे मानक आणि पुरेशी चाचणीव्यवस्था उभी न करता एवढी मोठी खरेदी एकाच निविदेवर टांगून ठेवण्यात. निविदा फसली तेव्हा हातात पर्यायच नव्हता, आणि दरम्यान जुन्या जॅकेटांचे आयुष्य संपत होते.

पर्याय म्हणून मार्च २०१६ मध्ये ५०,००० जॅकेटांची तातडीची खरेदी झाली. सुमारे १४० कोटींची ही मागणी बेंगळुरूच्या एका खासगी कंपनीकडे गेली. संरक्षण खाते त्या वेळी गोव्याच्या नेत्याकडे होते आणि अडकलेला गाडा हलवण्याचे श्रेय त्या कारकिर्दीला द्यायला हवे. ही जॅकेटे मात्र नव्या निकषांची नव्हती, आधीच्या निकषांवर घेतलेली होती. तात्पुरती सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुलवामा जिल्ह्यात लेथपोरा इथल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण केंद्रावर हल्ला झाला, त्यात पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरल्या गेल्याचे आणि त्या संरक्षक ढालींतून आरपार गेल्याचे तपासात आढळले. ज्या अटीला अनेकांनी अवास्तव ठरवले होते, ती अट का होती हे त्या हल्ल्याने दाखवून दिले. तीन महिन्यांनंतर, एप्रिल २०१८ मध्ये झालेल्या कराराच्या घोषणेत या जॅकेटांमुळे सर्व बाजूंनी आणि नव्या कठीण पोलादी गाभ्याच्या गोळ्यांपासूनही संरक्षण मिळेल, असे स्पष्ट म्हटले होते.

बुलेटप्रूफ जॅकेटांचे भारतीय मानक, आयएस १७०५१, त्याच २०१८ च्या अखेरीला प्रसिद्ध झाले. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या जॅकेट-खरेदीचा करार आधी झाला आणि जॅकेट कशाला म्हणावे हे सांगणारे राष्ट्रीय मानक नंतर आले. या मानकात धोक्याच्या सहा पातळ्या आहेत आणि आपल्याकडे भेटणाऱ्या रायफलच्या गोळ्यांना त्यांत स्वतंत्र जागा आहे. त्यामुळे ‘लेव्हल फोर’ हा शब्द आता दोन अर्थांनी फिरतो. बातमी वाचताना कोणत्या मानकाची पातळी, हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

पुरवठा सुरू झाल्यावर कच्च्या मालाचा प्रश्न पुढे आला. पॉलिथिलीनचे अतिमजबूत धागे आणि सिरॅमिकची भुकटी यांचा मोठा भाग चीनमधून येत होता. जून २०२० मध्ये गलवानची चकमक झाल्यावर चीनच्या सीमेवर उभ्या जवानाच्या अंगावरचे कवच चिनी धाग्याचे असावे का, असा प्रश्न थेट विचारला गेला. दर्जाच्या चाचणीत तो माल उतरत होता, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी पुरवठा बंद पडण्याच्या शक्यतेला ते लागू पडत नव्हते.

  

हेल्मेटांची खरेदी जॅकेटांच्या तुलनेत लवकर सुटली. २०१७ च्या सुरुवातीला १,५८,२७९ हेल्मेटांचा करार कानपूरच्या एका कंपनीशी झाल्याचे जाहीर झाले. ही हेल्मेटे ९ मिमीची पिस्तुलाची गोळी आणि उडणारे तुकडे अडवतात; एके-४७ ची गोळी अडवणे हा त्यांचा निकष नव्हता. पटका लगेच हद्दपार का झाला नाही, त्याचे कारण यात आहे. जानेवारी २०२३ मध्ये शीख जवानांसाठी खास आकाराच्या १२,७३० हेल्मेटांची निविदा निघाली तेव्हा पगडीच्या प्रश्नावर शिखांच्या धार्मिक संस्थांनी आक्षेप घेतला. जीव वाचवण्याचा युक्तिवाद आणि श्रद्धेचा युक्तिवाद दोन्ही गांभीर्याने ऐकण्याजोगे आहेत, आणि जवानांशी आधी बोलून निविदा काढली असती तर कटुता टळली असती.

संशोधनाच्या बाजूला दोन कामांचा उल्लेख मराठी वाचकासाठी आवश्यक आहे. मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर बोरॉन कार्बाइडचे जॅकेट हैदराबादच्या सरकारी उपक्रमात तयार झाले. पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात एका मेजरने स्नायपर रायफलच्या गोळ्या अडवणारे जॅकेट विकसित केले आणि त्यासाठी २०१९ मध्ये सेनेचा पुरस्कार मिळवला. काश्मीरमधल्या मोहिमेत त्या अधिकाऱ्याच्या जॅकेटाने गोळी अडवली होती, पण धक्क्याची इजा झालीच होती. मातीतला तो खड्डा इथे प्रत्यक्ष शरीरावर मोजला गेला होता.

२०२३ मध्ये सेनेने आणखी ६२,६२७ जॅकेटांच्या खरेदीची प्रक्रिया सुरू केली. त्यांतली १५,००० तातडीच्या मार्गाने आणि ४७,६२७ नेहमीच्या मार्गाने घ्यायची होती. एप्रिल २०२४ मध्ये कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेचे, भारतीय मानकाच्या सहाव्या पातळीचे जॅकेट चंदीगडच्या चाचणीत उतरले. समोरच्या प्लेटने ७.६२ × ५४ मिमीच्या चिलखतभेदी दाहक गोळ्यांचे सहा मारे अडवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या आयआयटीबरोबर केलेली ८.२ आणि ९.५ किलोंची दोन जॅकेटे पुढे आली. प्रयोगशाळेतला नमुना, जवानांच्या हातची मैदानी चाचणी, कारखान्यातले उत्पादन आणि प्रत्येक खेपेची तपासणी या चार टप्प्यांपैकी ही जॅकेटे तेव्हा पहिल्या टप्प्यावर होती. आधीच्या खरेदीत सर्वाधिक वर्षे गेली ती दुसऱ्या टप्प्यावर.